पवित्र सप्ताह आणि समुद्रकांठची गर्दी

ईस्टरच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशींची गोष्ट. आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें वर्तमानपत्रांतून कापून आणलेलें एक चित्र आमच्या मेजावर ठेविलें. तें मेक्सिको देशांतील आकापुल्को ह्या शहराच्या पुळणीचें होतें, आणि पवित्र सप्ताहांत घेतलें आहे असें त्याखालीं छापलें होतें. वाळू म्हणून कोठें दिसत नव्हती. रंगीबेरंगी छत्र्या, छत्र्यांखालीं माणसें, माणसांच्या मांडीवर मुलें, आणि पाण्याच्या कडेस तर जत्रेच्या दिवशीं देवळाच्या दारीं असते तशी रेटारेटी. मुलानें विचारलें, “सर, हे लोक ख्रिस्ती आहेत ना? मग प्रभूच्या मरणाच्या आठवड्यांत हे समुद्रांत कसे डुंबतात?”

आम्हीं उत्तर दिलें, “नांवाचे ख्रिस्ती असले म्हणजे असेंच व्हावयाचें.” वर्ग हंसला, मुलगा खालीं बसला, आणि आम्हीं भूगोलाचें पुस्तक उघडलें.

मधल्या सुटींत तो मुलगा व्हरांड्याच्या टोकास एकटाच बसलेला दिसला. जवळ जाऊन विचारपूस केली तेव्हां कळलें कीं, त्याचे वडील मालमोटारीवर चालक आहेत. साऱ्या घरास मिळून बाहेर पडतां येईल अशी सलग रजा त्यांस वर्षांत क्वचितच मिळते. ती ह्या वेळीं उत्तम शुक्रवारास जोडून मिळाली, आणि घरची मंडळी शुक्रवारीं पहांटेसच कोंकणच्या किनाऱ्यास निघाली. दुपारची उपासना अर्थातच चुकली. मुलाच्या मनास तें लागून राहिलें होतें. चित्र पुढें करून त्यानें जो प्रश्न विचारला तो मेक्सिकोच्या लोकांविषयीं नव्हता, स्वतःविषयीं होता. आणि आम्हीं तो हंशावर घालविला. वीस वर्षें शिकविण्याचें काम केल्यावरही इतकें ओळखतां येऊं नये, ही शरमेची गोष्ट होय. त्या मुलाची आम्हीं वर्गासमोर क्षमा मागितली आहे. परंतु ज्या लोकांस आम्हीं न पाहतां, न जाणतां नांवें ठेविलीं त्यांचें काय? त्यांच्याविषयींचें तें उत्तर आम्ही येथें परत घेत आहों, आणि त्याऐवजीं नंतर केलेल्या वाचनावरून व विचारपुशीवरून जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मेक्सिको देशांत ह्या आठवड्यास ‘सेमाना सांता’, म्हणजे पवित्र सप्ताह, असेंच म्हणतात. हा सप्ताह व ईस्टरनंतरचा आठवडा मिळून दोन आठवडे तेथील शाळांस सुटी असते. 2020 सालच्या शिरगणतीप्रमाणें त्या देशांत दर शंभर माणसांत सुमारें 78 रोमन कॅथलिक आणि सुमारें 11 प्रॉटेस्टंट व तत्सम मंडळ्यांचीं होतीं. हे नुसते नांवाचे ख्रिस्ती म्हणावे, तर ह्याच सप्ताहांत राजधानीच्या इस्तापालापा ह्या भागांत प्रभूच्या दुःखसहनाचा जो प्रसंग रहिवासी स्वतः रस्त्यांतून व टेकडीवर करून दाखवितात, तो पाहावयास लक्षावधि लोक जमतात. 1833 सालच्या पटकीच्या सांथींतून वांचलेल्या लोकांच्या नवसांत ह्या प्रथेचें मूळ सांगतात, आणि 1843 पासून ती चालत आली आहे. आकापुल्कोच्या जुन्या रस्त्यावर तास्को नांवाचें, चांदीच्या कामाविषयीं प्रसिद्ध असें गांव आहे. तेथें तोंडावरून काळीं टोपडीं ओढून, उघड्या खांद्यांवर कांटेरी फांद्यांचे भारे बांधून घेतलेले पुरुष रात्रीच्या मिरवणुकींत चालतात. असल्या देहदंडाविषयीं आमचें मत अनुकूल नाहीं. तो निराळा विषय आहे. शिवाय 1926 पासून 1929 पर्यंत, सरकार व चर्च ह्यांच्या कलहापायीं, ह्या देशांतील मंदिरांत सार्वजनिक उपासना बंद होती, आणि लोक घराचीं दारें लावून चोरून प्रार्थनेस जमत. ज्यांच्या आजा-पणज्यांनीं हें सोसलें त्यांस ‘नांवाचे’ म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता?

मग हे लोक त्याच आठवड्यांत समुद्राकडे कां धांवतात? कारण फारसें गूढ नाहीं. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें 2,240 मीटर उंचीच्या पठारावर वसलें आहे. कोट्यवधि वस्तीच्या त्या अफाट शहरांतून आकापुल्कोचा समुद्र सुमारें 380 किलोमीटर दूर. एप्रिलच्या सुमारास पाऊस अद्याप लांब असतो, ऊन तापलेलें असतें, आणि मुलांची शाळा बंद असते. 1993 सालीं ‘सूर्यमार्ग’ नांवाचा मोठा रस्ता खुला झाल्यापासून हें अंतर एका सकाळींत तुटतें. मात्र ह्या सप्ताहांत जकातीच्या नाक्यांवर गाड्यांच्या ज्या रांगा लागतात त्यांमुळें सकाळीची दुपारही होते.

खरें कारण ह्याहून खोल आहे, आणि तें आमच्या मालमोटारीवरील पालकांस चटकन् कळेल. त्या देशाच्या कामगार-कायद्याप्रमाणें, एक वर्ष नोकरी केलेल्या मनुष्यास भरपगारी रजेचा जो किमान हक्क होता तो 2022 च्या अखेरपर्यंत अवघा सहा दिवसांचा होता! वर्षांत सहा दिवस. 1 जानेवारी 2023 पासून तो बारा दिवसांचा झाला. पवित्र सप्ताहांतील गुरुवार व शुक्रवार हे त्या कायद्यांतील सक्तीच्या सुट्यांच्या यादींत नाहींत. पण रूढीनें पुष्कळ कारखाने, पेढ्या व कचेऱ्या त्या दिवशीं बंद राहतात. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या बेनितो हुआरेस ह्यांनीं चर्च व सरकार हीं एकमेकांपासून विभक्त केलीं, त्यांनींच 1859 सालीं सुट्यांची यादी ठरवितांना हे दोन दिवस तींत कायम ठेविले होते. तेव्हां बाप, आई आणि मुलें हीं तिघेंही एकाच दिवशीं मोकळीं असण्याचा योग पुष्कळ घरांत वर्षांतून एकदोनदांच येतो, आणि त्यांतला एक ह्या सप्ताहांत येतो. ज्यांस रजा हवी तेव्हां घेतां येते ते शांत दिवस पाहून जातात. गर्दी होते ती ज्यांस निवड नाहीं त्यांची.

आमचा एक माजी विद्यार्थी मालवाहू जहाजावर एंजिनियर आहे. जात्या कोंकणचाच, त्यामुळें समुद्राविषयीं त्याचें मत सहसा अतिशयोक्तीचें नसतें. त्याचें जहाज एका उत्तम शुक्रवारीं मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील मान्सानियो ह्या बंदरांत थांबलें होतें असें आम्हांस आठवलें, म्हणून त्यास विचारलें. त्याचें सविस्तर उत्तर आलें. मान्सानियो हें कंटेनरांच्या व्यापारांत त्या देशांतील सर्वांत मोठें बंदर. पण त्याच्या शेजारींच लांब पुळणी आहेत, आणि ग्वादालाहारा शहरचे लोक सुटींत तेथें येतात. त्यास तीन तासांची मोकळीक होती. तो लिहितो कीं, गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधलेल्या, आंत पातेलीं, चुली, बर्फाच्या पेट्या. खोलीचें भाडें परवडत नाहीं म्हणून कित्येक कुटुंबें रात्रीं वाळूवरच निजलेलीं. झांपांच्या मांडवांखालीं मासे तळण्याचा धूर. खांद्यावर भोपळ्याचे तुंबे घेऊन एक मनुष्य ‘तुबा, तुबा’ असें ओरडत फिरत होता. घेऊन पाहतों तर ती माडाची नीरा, वर शेंगदाणे घातलेली! ही माड काढण्याची विद्या त्या किनाऱ्यास फिलिपाईन बेटांतील लोकांनीं नेली. 1565 पासून 1815 पर्यंत मनिला व आकापुल्को ह्यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतांची जी ये-जा होती तिच्याबरोबर ते तेथें गेले. दुसऱ्या एका बाईजवळ साखर व तिखट लावलेले चिंचेचे गोळे होते. चिंचेस तेथें ‘तामारिंदो’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अरबी मूळ अर्थ ‘हिंदचा खजूर’ असा आहे. आमच्या विद्यार्थ्यानें चार गोळे घेतले. तीन जहाजावर वांटले, असें त्यानें लिहिलें आहे, चौथ्याचें लिहिलेलें नाहीं.

पण पत्रांतला ज्या भागासाठीं आम्ही हें सर्व लिहीत आहों तो पुढेंच आहे. त्याच्या जवळच्या छत्रीखालीं एक मोठें कुटुंब उतरलें होतें. त्यांत एक वृद्धा, काळ्या वस्त्रांत, खुर्चीवर बसून होती. सारें घर पाण्यांत जाई, येई. ती मात्र लाट अगदीं पायाशीं आली तरी पाय वर घेई. टॅक्सीवाल्यानें मोडक्यातोडक्या इंग्रजींत कारण सांगितलें: जुन्या लोकांची समजूत अशी कीं, उत्तम शुक्रवारीं जो पाण्यांत न्हातो त्याचा मासा होतो. (दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, एकमेकांवर पाणी उडविण्याची चाल तेथें आहेच, पाण्याच्या टंचाईमुळें राजधानींत ती आतां दंडास पात्र झाली आहे.) तीन वाजतां ती वृद्धा उठली. तिनें मोठ्यानें हांक मारिली. पाण्यांतून मुलें, सुना, जांवई, सगळीं ओल्या अंगानें आलीं व तिच्या भोंवतीं उभीं राहिलीं. पोरांचे ओंठ थंडीनें निळे झालेले. एकाच्या हातांत वाळूचें भांडें तसेंच. वृद्धेनें कांहीं म्हटलें, इतरांनीं उत्तर दिलें, सर्वांनीं क्रूसाची खूण केली. बाजूच्या छत्रींतील ढोल्या आवाजाचें गाणें कोणीं तरी बंद केलें. पांच मिनिटांहून अधिक लागलीं नसतील. मग मुलें पुन्हा पाण्याकडे पळालीं, आणि वृद्धा खुर्चीवर बसली. “सर, मला शब्द एकही समजला नाहीं,” असें तो लिहितो, “पण टोपी आपोआप काढली गेली.”

आमच्या उपासनेंत त्या दिवशीं तीन वाजतां किती जण खरोखर उभे होते आणि किती जण घड्याळ पाहत होते, हें आम्ही येथें विचारीत नाहीं.

आतां ह्या गर्दीविरुद्ध जें बोललें जातें त्याचाही विचार केला पाहिजे, कारण तें सगळेंच खोटें नाहीं. दारूबाजी होते. लाल निशाण लाविलेलें असतां लोक पाण्यांत शिरतात व कांहीं बुडतात; पुळणीवर रक्षणासाठीं नौदलाचे शिपाई ह्या सप्ताहांत ठेवावे लागतात. मुलें चुकतात, म्हणून कांहीं ठिकाणीं त्यांच्या मनगटास नांवाची पट्टी बांधण्याची सोय केलेली असते. आणि संध्याकाळीं मागें जो कचरा उरतो त्याचीं चित्रें पाहून लाज वाटते. जो मनुष्य आपल्या लेकरांस समुद्र दाखवावयास आला तो त्याच समुद्रांत उष्टें टाकून जातो, ह्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. तसेंच करणारे आमच्याही किनाऱ्यांवर आहेत, आणि त्यांत आमच्या शाळेच्या सहली मुळींच नव्हत्या असें आम्ही छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं.

परंतु ज्या एका आक्षेपाविषयीं आमचें मन कडू होतें तो असा कीं, हे लोक घरूनच भाकरी बांधून आणतात, खर्च कांहीं करीत नाहींत, आणि चांगल्या गिऱ्हाइकांस त्रास मात्र होतो. हा आक्षेप कचऱ्याचा नाहीं, गरिबीचा आहे. मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणें समुद्राची पुळण ही राष्ट्राची मिळकत असून तिचा उपभोग सर्वांचा आहे. पुळणीस लागून असलेली वीस मीटर रुंदीची पट्टीही सरकारचीच. तरीसुद्धां मोठमोठ्या हॉटेलांच्या भिंतींनीं वाट अडविली म्हणजे पुळण सर्वांची असून कोणाचीच राहत नाहीं. 2020 सालीं कॅरिबियन किनाऱ्यावरील एका ठिकाणीं, जवळच्या उपाहारगृहांतून कांहीं विकत न घेतां वाळूवर बसलेल्या एका जोडप्यास पोलिसांनीं धरून नेलें, तेव्हां देशभर मोठा गवगवा झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत कायद्यांत दुरुस्ती होऊन, जो मालक पुळणीकडे जाण्याची वाट अडवील त्यास दहा लक्ष पेसोंहूनही अधिक दंड करतां येईल असें ठरलें. छत्री विकत न घेणाऱ्या बापाचा हक्क कायद्यांत लिहावा लागला, हेंच आम्हांस दुःखाचें वाटतें. पण लिहिला हें बरें झालें.

पाण्याच्या घाणीविषयीं तर आम्हांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे, कारण ती आमच्या शास्त्राच्या तासास उपयोगी पडेल. सुटीपूर्वीं तेथील आरोग्यखातें पुळणींच्या पाण्याचे नमुने तपासून निकाल प्रसिद्ध करितें. पाण्यांत माणसाच्या व जनावरांच्या आंतड्यांत राहणारे एन्टेरोकॉकस नांवाचे जंतु मोजितात; शंभर मिलिलिटर पाण्यांत त्यांचें प्रमाण 200 हून अधिक भरलें तर ती पुळण स्नानास अयोग्य ठरवितात. हे जंतु भाकरीच्या डब्यांतून येत नाहींत. शहराचें मैलापाणी शुद्ध न करितां ओढ्यानाल्यांवाटे समुद्रांत सोडलें जातें तेथून ते मुख्यतः येतात, आणि त्या नळांवर गरीब पाहुण्याचा ताबा नसतो. तरी वर्तमानपत्रांत चित्र येतें तें त्याच्याच छत्रीचें!

आकापुल्कोच्या त्या चित्राकडे आम्ही आतां निराळ्या नजरेनें पाहतों. 25 ऑक्टोबर 2023 रोजीं ‘ओटिस’ नांवाचें चक्रीवादळ त्या शहरावर आदळलें. सुमारें अर्ध्या दिवसांत तें साध्या वादळाचें वाढून पांचव्या, म्हणजे सर्वांत भयंकर, प्रतीचें झालें. लोकांस सावध होण्यास वेळच मिळाला नाहीं. वाऱ्याचा वेग ताशीं 260 किलोमीटरांच्या आसपास होता. सुमारें पन्नास माणसें गेलीं, हॉटेलांच्या भिंती उडून नुसते सांगाडे उरले, आणि ज्यांच्या घरावर पत्रा होता त्यांस तो दुसऱ्या दिवशीं शोधूनही सांपडला नाहीं. त्यानंतर पांच महिन्यांनीं, 2024 च्या मार्चअखेरीस, पवित्र सप्ताह आला. पुष्कळ खोल्या अद्याप नादुरुस्त होत्या. त्या शहरांत छत्र्या भाड्यानें देणारे, मासे तळणाऱ्या बाया, तळाशीं कांच बसविलेल्या होड्यांतून समुद्राच्या बुडाशीं ठेविलेली ग्वादालूपच्या मातेची मूर्ति दाखविणारे नावाडी, ला केब्रादाच्या उंच कड्यावरून पाण्यांत उड्या मारणारे तरुण, ह्या सर्वांचें वर्षाचें पोट ज्या थोड्या आठवड्यांवर अवलंबून असतें त्यांतला हा एक. त्या सप्ताहांत जे लोक तेथें गेले त्यांच्या मनांत परोपकार होता असें आम्ही म्हणत नाहीं. ते डुंबावयासच गेले. पण त्यांनीं छत्री भाड्यानें घेतली, मासा खाल्ला, होडींत बसले, आणि त्यावर एखाद्या घराचा पत्रा आला असेल. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ‘जॉन’ नांवाच्या वादळाच्या पुरानें त्या शहरास पुन्हा बुडविलें, आणि पुढच्या ईस्टरास लोक पुन्हा आले.

कोणी म्हणेल, मग उत्तम शुक्रवारीं उपासना सोडून समुद्रावर जावें असें तुमचें म्हणणें आहे काय? तसें नाहीं. आमच्या घरीं आम्ही तसें करीत नाहीं, करूं देणारही नाहीं; तो दिवस आम्हांस फार मोलाचा आहे. परंतु स्वतःस घालून घेतलेला नियम दुसऱ्याच्या पाठीवर मारण्याची काठी होतो तेव्हां तो धर्म राहत नाहीं. विश्रामवाराविषयीं प्रभूनें परूश्यांस काय उत्तर दिलें तें मुलांस पाठ आहे. आणि पुनरुत्थानानंतर थकलेल्या, उपाशी शिष्यांस तो भेटला तो कोठें, आणि त्यानें त्यांच्यासाठीं तेथें काय भाजून ठेविलें होतें, हेंही आमच्या मुलांनीं योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत वाचलें आहे. तो मंदिराच्या पायरीवर नव्हता.

पालकांस आमची एक विनंती मात्र आहे. रजा त्याच दिवशीं मिळाली व जाणें झालें तर मुलास मनांत खंत घेऊन शाळेंत येऊं देऊं नका. जाण्याचें कारण त्यास मोकळेपणें सांगा, आणि तीन वाजतां, जेथें असाल तेथें, दोन मिनिटें त्यास पाण्यांतून बाहेर बोलवा. त्या मुलाच्या वडिलांस आम्हीं हेंच सांगितलें. ते म्हणाले, “सर, आम्ही उभे राहिलों होतों. तेंच त्यानें तुम्हांस सांगितलें नाहीं काय?” त्यानें सांगितलें नव्हतें, आम्हीं विचारलें नव्हतें.

जहाजावरील आमच्या विद्यार्थ्याचें पत्र आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याचा मुलांनीं काढलेला नकाशा आठवीच्या वर्गांत भिंतीवर लाविला आहे. मान्सानियो जरा अधिक दक्षिणेस गेलें आहे तें वार्षिक परीक्षेनंतर सुधारूं. ज्या पालकांस पाहावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं अकरानंतर अवश्य यावें.